आभाळाचा हिशेब मांडणारा माणूस : लॉर्ड रॅले

पुण्याहून साताऱ्याला जाताना नीरा नदीचा पूल ओलांडला, की शिरवळ हे गाव लागते. येथून सातारा जिल्हा सुरू होतो. शिरवळच्या नैर्ऋत्येला डोंगरांची एक रांग दिसते. त्या रांगेत मांढरदेवचा डोंगर आहे. काळूबाईच्या देवळामुळे हा डोंगर दूरदूरच्या लोकांना माहीत आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १३०० मीटर आहे. शिरवळपासून तो सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आतच आहे.

याच डोंगरावर २०१० नंतरच्या दशकात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने एक रडार बसवले. हे रडार शत्रूची विमाने शोधण्यासाठी नव्हते. ते पाऊस मोजण्यासाठी होते. रडार आकाशात रेडिओ लहरी सोडते. त्या लहरी ढगांतील थेंबांवर आदळतात आणि त्यांचा अगदी थोडा भाग परत येतो. लहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर असतो. त्यामुळे मांढरदेवहून शिरवळच्या आकाशापर्यंत जाऊन परत येण्यास त्यांना सेकंदाचा फक्त दहा हजारावा भाग लागतो. परत आलेल्या लहरीला आपण रडारचा प्रतिध्वनी म्हणू. हा प्रतिध्वनी किती वेळाने आला, यावरून पाऊस किती दूर आहे ते कळते.

पण पाऊस किती आहे, थेंब मोठे आहेत की लहान, हे कसे कळणार? त्यासाठी एक नियम लागतो. अमुक आकाराच्या थेंबावरून किती लहर परत येईल, हे आधीच सांगणारा नियम. तुम्हांला नवल वाटेल, पण हा नियम ज्याने शोधला, त्याने आयुष्यात कधी रडार पाहिले नाही. रडार तयार होण्याच्या कितीतरी आधी तो मरण पावला. त्याला पाऊस मोजायचाच नव्हता. आकाश निळे का दिसते, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. त्या शास्त्रज्ञाचे नाव लॉर्ड रॅले. त्याच्या आयुष्याची ही ओळख वाचा.

लॉर्ड रॅले यांचे मूळ नाव जॉन विल्यम स्ट्रट असे होते. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात झाला. त्यांचे घराणे मोठ्या जमीनदारांचे होते. रॅले ही त्या घराण्याची पदवी होती. वडिलांनंतर ती थोरल्या मुलाकडे येई.

घरात कशाची कमतरता नव्हती, पण जॉनची प्रकृती फार नाजूक होती. त्याला चांगल्या शाळांत घातले गेले. पण आजारपणामुळे तो एका शाळेत फार दिवस टिकला नाही. ईटन आणि हॅरो या तेथील नावाजलेल्या शाळा त्याला थोड्याच काळात सोडाव्या लागल्या. पुढे एका शिक्षकाच्या घरी राहून त्याने अभ्यास पूर्ण केला. हा मुलगा पुढे काही मोठे करील, असे त्या काळी कोणालाही वाटले नसते.

१८६१ साली तो केंब्रिज विद्यापीठातील ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. इतर मुलांपेक्षा त्याची गणिताची तयारी कमी होती. पण त्याने नेटाने अभ्यास केला. १८६५ साली गणिताच्या अवघड परीक्षेत तो पहिला आला. या परीक्षेत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला सीनिअर रँग्लर म्हणतात. हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. कोकणात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ साली हाच मान मिळवला. म्हणून लोक त्यांना रँग्लर परांजपे म्हणू लागले.

सीनिअर रँग्लर झालेल्या तरुणापुढे अनेक वाटा खुल्या असत. त्यातून रॅले श्रीमंत घराण्याचे. शिकारी, मेजवान्या आणि राजकारण यांत त्यांचे दिवस मजेत गेले असते. प्रयोगशाळेत हात काळे करणे त्यांच्या घराण्याला शोभणार नाही, असे काही नातलगांना वाटत होते. रॅले यांनी त्यांचे ऐकले नाही. त्यांनी विज्ञानाची वाट धरली.

आता आकाशाच्या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये अल किंदी नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. आकाशाच्या निळ्या रंगावर त्यांनी एक छोटा ग्रंथ लिहिला होता. हवेतील धुळीचे कण सूर्याच्या उजेडाने उजळतात आणि मागचा अंधार त्यांत मिसळतो, म्हणून निळा रंग दिसतो, असे त्यांचे मत होते. हे उत्तर पूर्ण बरोबर नव्हते. पण हवेतील बारीक कणांकडे बोट दाखवणारे ते जुने विद्वान होते. पुढे इब्न अल हैसम यांनी कैरो येथे प्रकाशावर अनेक प्रयोग केले आणि मोठा ग्रंथ लिहिला. एकोणिसाव्या शतकात टिंडल या शास्त्रज्ञाने काचेच्या नळीत अतिशय बारीक कणांचा धूर तयार करून त्यात निळा रंग दिसतो, हे प्रत्यक्ष दाखवले. तरीही निळाच रंग का, याचे नेमके उत्तर कोणी दिले नव्हते.

हा प्रयोग तुम्ही घरीही करू शकता. काचेच्या पेल्यात पाणी घ्या. त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका. खोलीत अंधार करून पेल्याच्या एका बाजूने विजेरीचा उजेड टाका. बाजूने पाहिल्यास पाणी किंचित निळसर दिसेल. समोरून विजेरीकडे पाहिल्यास उजेड पिवळसर, तांबूस दिसेल. दुधातील बारीक कण निळा उजेड बाजूला विखुरतात आणि तांबडा उजेड सरळ पुढे जातो. प्रकाश असा विखुरण्याला प्रकाशाचे विकिरण म्हणतात.

१८७१ साली रॅले यांनी या विखुरण्याचा हिशेब मांडला. तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते. त्यांनी असे दाखवले, की कण जर लहरीच्या लांबीपेक्षा फार लहान असेल, तर लहान लांबीच्या लहरी फार जास्त विखुरतात. लहरीची लांबी निम्मी केली, तर विखुरणे सोळा पट होते. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी तांबड्यापेक्षा कमी असते. म्हणून निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे सहा पट विखुरतो आणि साऱ्या आकाशात पसरतो. सूर्य मावळताना त्याचा उजेड हवेतून फार लांबचा प्रवास करून येतो. वाटेत निळा उजेड विखुरून जातो, उरतो तो तांबडा. म्हणून संध्याकाळी पश्चिम दिशा लाल होते. पुढे १८९९ साली रॅले यांनी असेही दाखवले, की यासाठी हवेत धूळ असण्याची गरज नाही. हवेचे स्वतःचे रेणूच हे काम करतात.

या नियमाचा आणखी एक भाग होता. लहर तीच ठेवली आणि कणाचा व्यास दुप्पट केला, तर विखुरणे किती वाढेल? तुम्ही म्हणाल, दुप्पट किंवा चौपट. रॅले यांच्या हिशेबाप्रमाणे ते चौसष्ट पट वाढते! व्यास दुप्पट झाला, की कणाचे घनफळ आठ पट होते आणि विखुरणे घनफळाच्या वर्गाइतके, म्हणजे आठ गुणिले आठ, चौसष्ट पट होते. आकाशाच्या रंगापुढे नियमाचा हा भाग लोकांच्या फारसा लक्षात राहिला नाही. पुढे मात्र त्याचीच मोठी गरज पडणार होती.

१८७१ सालीच रॅले यांचे लग्न इव्हलिन बाल्फर यांच्याशी झाले. पुढच्याच वर्षी त्यांना संधिवाताचा जबर ताप आला. ते मरता मरता वाचले. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून ते हिवाळ्यात इजिप्तला गेले. तेथे नाईल नदीतून नावेने प्रवास करताना त्यांनी ध्वनीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहायला घेतला. जवळ ग्रंथालय नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. होती ती फक्त स्मरणशक्ती, कागद आणि सवड. हा ग्रंथ १८७७ आणि १८७८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. दुखण्याचे दिवसही वाया जाऊ द्यायचे नाहीत, हा त्यांचा स्वभाव होता.

१८७३ साली वडील वारले आणि रॅले हे लॉर्ड झाले. टर्लिंग या गावी त्यांची सुमारे सात हजार एकर जमीन होती. काही वर्षे त्यांनी शेतीत लक्ष घातले. पण मन प्रयोगांत होते. १८७६ साली त्यांनी जमिनीचा सारा कारभार धाकट्या भावावर सोपवला. पुढे त्यांच्या गोठ्यांतील दूध लंडनच्या दुकानांत विकले जाऊ लागले आणि त्यांचे नाव दुधामुळेही घरोघर पोचले.

टर्लिंगच्या वाड्यातील काही खोल्यांत त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. एवढ्या श्रीमंत माणसाची प्रयोगशाळा झगझगीत असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे नव्हते. काचेच्या नळ्या, सुतळी, लाख, लाकडाचे तुकडे अशा साध्या वस्तूंपासून ते उपकरणे जोडत. उपकरणाचा जो भाग मोजमापासाठी महत्त्वाचा, तो अगदी नेटका हवा. बाकीचा कसाही चालेल, अशी त्यांची रीत होती.

१८७९ साली केंब्रिजमध्ये मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाचे निधन झाले. वीज आणि चुंबक यांच्या लहरी असतात आणि प्रकाश ही अशीच एक लहर आहे, हे मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवले होते. रेडिओच्या लहरी आणि रडारच्या लहरी याच कुटुंबातल्या. मॅक्सवेल यांच्या जागी कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून रॅले यांना बोलावण्यात आले. १८८४ पर्यंत त्यांनी ते काम केले. प्रयोगशाळेत उपकरणे अपुरी होती. रॅले यांनी निधी जमवला आणि त्यात स्वतःही भर घातली. विजेच्या मापनाची एकके तेव्हा नीट ठरलेली नव्हती. ती त्यांनी अतिशय काळजीपूर्वक प्रयोग करून पक्की केली.

या कामात त्यांना एका स्त्रीची फार मदत झाली. तिचे नाव एलिनॉर सिजविक. ती रॅले यांच्या पत्नीची बहीण होती आणि गणितात हुशार होती. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ मुलींना पदवी देत नसे. तरीही रॅले यांच्या प्रयोगशाळेत मुलींना मुलांच्या बरोबरीने शिकता येऊ लागले. पुढे एलिनॉर मुलींच्या एका कॉलेजची प्रमुख झाली.

रॅले यांच्या वर्गात एक भारतीय तरुणही बसत असे. तो होता जगदीशचंद्र बोस. मायदेशी परतल्यावर बोस यांनी कोलकात्यात अगदी लहान लांबीच्या रेडिओ लहरी तयार केल्या आणि त्यांचे परावर्तन कसे होते, ते मोजले. त्यांचे संशोधन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले जावे, म्हणून रॅले यांनी ते स्वतः पुढे पाठवले. शिष्य परक्या देशाचा आणि राज्य आपले, असा विचार त्यांनी केला नाही.

आता रॅले यांच्या चिकाटीची गोष्ट ऐका. त्यांना वायूंची घनता मोजायची होती. त्यांनी एका मोठ्या काचेच्या गोळ्यात नायट्रोजन भरून त्याचे वजन केले. नायट्रोजन त्यांनी दोन प्रकारे मिळवला होता. हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनचे वजन सुमारे २.३१० ग्रॅम भरले. रसायनांपासून तयार केलेल्या नायट्रोजनचे वजन सुमारे २.२९९ ग्रॅम भरले. वायू एक, गोळा एक, मग वजनात फरक का? फरक होता ग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढा. दुसरा कोणी असता, तर त्याने तो सोडून दिला असता. रॅले यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केला. फरक गेला नाही. १८९२ साली त्यांनी एका विज्ञान नियतकालिकात पत्र लिहून आपली अडचण सर्वांपुढे मांडली आणि रसायनशास्त्रज्ञांची मदत मागितली. आपल्याला कळत नाही, हे जाहीरपणे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

विल्यम रॅम्से हे रसायनशास्त्रज्ञ पुढे आले. दोघांनी मिळून शोध लावला, की हवेत आणखी एक वायू लपलेला आहे. तो कशाशीही संयोग पावत नाही, म्हणून तोवर कोणाच्या ध्यानात आला नव्हता. १८९४ साली हा शोध जाहीर झाला. त्या वायूला अरगॉन, म्हणजे आळशी, असे नाव देण्यात आले. आपण जी हवा श्वासात घेतो, तिच्यात जवळजवळ एक टक्का अरगॉन असतो. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रॅले यांनी पारितोषिकाची रक्कम केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली.

पुढे ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १९०८ साली केंब्रिज विद्यापीठाचे कुलपती झाले. अखेरपर्यंत त्यांचे संशोधन चालू होते. त्यांनी चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. ३० जून १९१९ रोजी टर्लिंग येथे त्यांचे निधन झाले.

रॅले यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, फेब्रुवारी १९३५ मध्ये, इंग्लंडमध्ये वॉटसन-वॉट आणि विल्किन्स यांनी एक प्रयोग केला. आकाशातून जाणाऱ्या विमानावरून रेडिओ लहरी परत येतात, हे त्यांनी दाखवले. त्यातून तेथे रडार तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याचा फार उपयोग झाला. रडारमध्ये लहरी पोकळ धातूच्या नळ्यांतून नेतात. अशा नळ्यांतून लहरी जाऊ शकतात, हे रॅले यांनी १८९७ सालीच गणिताने सिद्ध केले होते. तोवर ते कोणाला कामाचे वाटले नव्हते.

रडार आले, तसा एक नवा प्रश्नही आला. कोणती वस्तू रडारला किती मोठी दिसते? डोळ्यांना दिसणारा आकार आणि रडारला दिसणारा आकार यांत मोठी तफावत असते. रडारला वस्तू जेवढी दिसते, त्या क्षेत्रफळाला रडार काटछेद म्हणतात. एक उदाहरण पाहा. समोरून एक चौरस मीटर दिसणारा धातूचा मोठा गोळा रडारला एक चौरस मीटरच दिसतो. त्याऐवजी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा धातूचा सपाट पत्रा रडारसमोर अगदी सरळ धरला, तर तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरींना तो सुमारे चौदा हजार चौरस मीटर दिसतो! कारण आरशाप्रमाणे तो सारी लहर आल्या वाटेने परत पाठवतो. तोच पत्रा थोडा तिरपा करा. लहर भलतीकडे निघून जाते आणि रडारला पत्रा जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून काही लढाऊ विमानांची अंगे मुद्दाम तिरप्या पृष्ठभागांची बनवतात.

हा काटछेद मोजण्यासाठी खास खोल्या असतात. त्यांच्या भिंतींवर लहरी शोषून घेणारे टोकदार मऊ तुकडे बसवतात, म्हणजे भिंतींचा प्रतिध्वनी येत नाही. मध्ये वस्तू ठेवून तिच्यावरून किती लहर परत येते, ते पाहतात. मग तिच्या जागी धातूचा गोळा ठेवतात. दुकानदाराच्या तराजूला जसे प्रमाणित वजन लागते, तसा रडारला हा गोळा लागतो. कारण गोळा कसाही फिरवला, तरी सारखाच असतो आणि त्याचा काटछेद गणिताने आधीच काढता येतो.

युद्धाच्या काळात रडार चालवणाऱ्यांना पडद्यावर कधी कधी धुरकट ठिपके दिसत. त्यांत विमाने झाकून जात. ते ठिपके पावसाचे होते. आधी ती कटकट वाटली. मग काही शास्त्रज्ञांच्या मनात आले, की पाऊस असा दिसत असेल, तर तो मोजताही येईल. इंग्लंडमध्ये राइड नावाच्या शास्त्रज्ञाने हा हिशेब केला. त्यासाठी त्याला १८७१ सालचा रॅले यांचा नियम उपयोगी पडला. आकाशातील कणांच्या जागी पावसाचे थेंब आले आणि प्रकाशाच्या जागी रेडिओ लहरी आल्या. थेंब काही मिलिमीटरचे, तर लहर काही सेंटिमीटरची. म्हणजे कण लहरीपेक्षा लहान, ही रॅले यांची अट येथेही पुरी होत होती. मोठ्या गारांना मात्र हा नियम लागू पडत नाही. त्यांच्यासाठी गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली दिलेले अधिक अवघड गणित वापरावे लागते.

आता तो चौसष्टाचा आकडा आठवा. दोन मिलिमीटर व्यासाचा एक थेंब घ्या. रडारला तो एक मिलिमीटरच्या चौसष्ट थेंबांइतका दिसतो. पण त्याच्यात पाणी किती असते? फक्त आठ लहान थेंबांइतके. म्हणजे रडारला सारखाच प्रतिध्वनी आला, तरी एका ठिकाणी दुसऱ्याच्या आठ पट पाणी पडत असू शकते! थेंबांचे आकार माहीत नसतील, तर पावसाचा अंदाज किती चुकेल, याचा विचार करा.

आपल्या सह्याद्रीत हीच अडचण येते. घाटमाथ्यावर ढग डोंगराला भिडतात आणि लहान लहान थेंबांचा पाऊस तासन्‌तास पडत राहतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून जवळच असलेला शिरवळ-खंडाळ्याचा भाग मात्र पर्जन्यछायेत येतो आणि तेथे त्याच्या अगदी थोडा पाऊस पडतो. इतक्या कमी अंतरात इतका फरक! मांढरदेवचा डोंगर या दोहोंच्या मध्ये आहे. तेथील रडार आडव्या आणि उभ्या, अशा दोन प्रकारच्या लहरी पाठवू शकणारे होते. मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, पावासारखा. त्यामुळे आडव्या लहरीला तो मोठा दिसतो आणि उभ्या लहरीला लहान. लहान थेंब गोलच राहतो. दोन्ही लहरींना तो सारखा दिसतो. या फरकावरून थेंबांच्या आकाराचा अंदाज येतो आणि पावसाचा हिशेब सुधारतो.

हा हिशेब कागदावरचा नाही. घाटात पडलेले पाणी नीरेतून भाटघर आणि वीर धरणांच्या मुलखात येते. कृष्णेतून ते वाई, कऱ्हाड करीत सांगलीला पोचते. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीकरांनी कृष्णेचा महापूर पाहिला. घरे, दुकाने, उसाचे मळे पाण्याखाली गेले. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात डोंगर खचून माणसे गाडली गेली. घाटात किती पाऊस पडतो आहे, हे वेळेवर आणि अचूक कळले, तर धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, कोणती वस्ती आधी हलवायची, हे ठरवता येते. थेंबाच्या आकारातील एका मिलिमीटरचा फरक माणसांच्या जिवापर्यंत येऊन पोचतो, तो असा.

रॅले यांचेही प्रत्येक मत बरोबर ठरले नाही. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब आहे, असे त्यांना वाटे. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन बोटीने भारतात परतत होते. त्यांनी समुद्राचे बारकाईने निरीक्षण केले आणि दाखवून दिले, की पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात. विशेष म्हणजे हे दाखवताना रामन यांनी रॅले यांच्याच विचारांचा आधार घेतला होता. त्याच वाटेने पुढे जाऊन रामन यांनी १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळवले. रॅले यांचा ध्वनीवरील ग्रंथ रामन यांनी विद्यार्थिदशेतच वाचला होता आणि त्यांना तो फार प्रिय होता.

मुलामुलींनो, रॅले यांच्या हातात ना रडार होते, ना संगणक. शरीर कधी साथ देई, कधी देत नसे. पण समोर दिसणारी गोष्ट अशीच का आहे, हे विचारण्याची सवय त्यांनी सोडली नाही. आणि उत्तर मिळाले, की ते मोजून पाहिल्याशिवाय त्यांनी मानले नाही. अशा माणसाचे काम कोणाच्या उपयोगी पडेल, हे त्या दिवशी सांगता येत नाही. एसेक्समधील एका वाड्यात मांडलेला हिशेब शंभराहून अधिक वर्षांनी सह्याद्रीच्या पावसात कामी आला.

स्वाध्याय

१. रॅले यांना शाळा वारंवार का सोडाव्या लागल्या?
२. संध्याकाळी पश्चिम दिशा लाल का दिसते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. नायट्रोजनच्या वजनातील फरकावरून कोणता शोध लागला?
४. थेंबाचा व्यास तिप्पट झाला, तर रडारचा प्रतिध्वनी किती पट होईल? पाणी किती पट होईल? हिशेब करा.
५. तुमच्या गावात पावसाची सूचना वेळेवर मिळणे का महत्त्वाचे आहे? पाच-सहा वाक्ये लिहा.